दंतक्षय, बालकांचा : लाळेतील प्रतिऑक्सिडीकारकांच्या संदर्भात

दंतक्षय, बालकांचा : दुधाच्या दातांतील, तसेच नव्याने उगवणाऱ्या कायम दातांतील खनिज द्रव्य अम्लामुळे विरघळून त्यांत पोकळी पडण्याच्या क्रियेस बालकांचा दंतक्षय म्हणतात. व्यवहारात यास ‘दात किडणे’ किंवा ‘दाताला कीड लागणे’ असे म्हणतात. हा वाक्प्रयोग केवळ आलंकारिक नाही. दात पोखरणारा खराखुरा किडा असतो, अशी समजूत जगातील बहुतेक सर्व प्राचीन संस्कृतींत होती आणि तिचा अवशेष आपल्या भाषेत टिकून राहिला आहे. किड्याची कल्पना मागे पडून जंतू, जंतूंनंतर अम्ल, अम्लानंतर त्यास आवर घालणारी लाळ आणि अखेरीस त्या लाळेतील सूक्ष्म रासायनिक संरक्षक द्रव्ये, असा या विषयाच्या इतिहासाचा क्रम आहे. या अखेरच्या द्रव्यांपैकी प्रतिऑक्सिडीकारके (अँटिऑक्सिडंट) हा गट गेल्या तीन-चार दशकांत विशेष चर्चेत आला असून त्याविषयीचे पुष्कळसे काम भारतातील, विशेषतः कर्नाटकातील दंतवैद्यक महाविद्यालयांत झाले आहे.

प्राचीन कल्पना : मेसोपोटेमियातील मृत्तिका इष्टिकांवरील लेखांत दंतकृमीची कथा आढळते. भारतात सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मुखरोगांचे वर्णन असून दातांच्या रोगांत ‘कृमिदंतक’ हा रोग सांगितला आहे. दात काळा पडणे, त्यास छिद्र पडणे, तो हलू लागणे, त्यातून स्राव येणे व उघड कारणाशिवाय तीव्र वेदना होणे ही त्याची लक्षणे दिली आहेत. कारणाची कल्पना सोडली, तर हे वर्णन आजच्या दंतवैद्यासही ओळखीचे वाटेल. बालकांच्या दातांचा स्वतंत्र विचार काश्यपसंहितेत असून तिच्यातील ‘दंतजन्मिक’ हा अध्याय दात उगवण्याच्या क्रियेस वाहिलेला आहे. पडून पुन्हा येणाऱ्या दातांस ‘द्विज’ म्हणण्याची संस्कृतातील रीत सर्वश्रुत आहे. मुखातील ओलाव्यास आयुर्वेदाने बोधक कफ असे नाव देऊन रसज्ञानाशी त्याचा संबंध जोडला. लाळेस केवळ टाकाऊ स्राव न मानता तिला कार्य आहे असे मानणारी ही दृष्टी लक्षणीय म्हटली पाहिजे, मात्र दात किडण्याशी तिचा संबंध त्या ग्रंथकारांनी जोडलेला नाही.

दंतधावनासाठी सुश्रुताने बारा अंगुळे लांब व करंगळीएवढ्या जाडीची काडी सांगितली असून तुरट वृक्षांत खैर, कडू वृक्षांत निंब, गोड वृक्षांत मोह व तिखट वृक्षांत करंज श्रेष्ठ मानला आहे. खैराच्या गाभ्यापासून काढलेल्या काथात कॅटेचीन हे द्रव्य विपुल असते व ते एक प्रभावी प्रतिऑक्सिडीकारक आहे, हे आज ज्ञात आहे. यावरून प्राचीनांस प्रतिऑक्सिडीकारके ठाऊक होती, असा निष्कर्ष काढण्याचा मोह काहींस होतो. तो टाळणे बरे. त्यांना ठाऊक होता तो तुरटपणा आणि अनुभवास आलेला त्याचा गुण. तो त्यांनी काळजीपूर्वक नोंदविला, एवढे श्रेय पुरेसे आहे.

पुरातत्त्वीय पुरावा याहून मागे जातो. बलुचिस्तानातील मेहेरगढ येथील नवाश्मयुगीन दफनांत नऊ प्रौढ व्यक्तींच्या अकरा दाढांवर गारगोटीच्या टोकाने पाडलेली छिद्रे आढळली. ती सु. ७,५०० ते ९,००० वर्षांपूर्वीची असल्याचे २००६ मध्ये जाहीर झाले. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आली. तेथे मृत बालकांस दोन कुंभ तोंडास तोंड लावून त्यांत ठेवीत व घराच्या जमिनीखाली पुरीत. त्यामुळे दुधाच्या दातांचा मोठा संग्रह अभ्यासकांच्या हाती आला. त्यांतील अनेक दातांवर दंतवल्काची, म्हणजे दाताच्या सर्वांत बाहेरील कठीण कवचाची, वाढ अपुरी राहिल्याच्या खुणा आहेत. दुधाच्या दातांचे दंतवल्क काही अंशी गर्भावस्थेत व उरलेले जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात तयार होते. म्हणून त्या खळग्यांत तीन हजार वर्षांपूर्वीच्या मातांची व अर्भकांची उपासमार आणि आजारपणे नोंदली गेली आहेत. दंतक्षय हा खाण्याचा रोग असला, तरी तो कोणत्या दातास प्रथम धरील हे पुष्कळदा मूल जन्मण्यापूर्वीच ठरू लागते.

कृमीपासून जंतूंपर्यंत : दंतकृमीची समजूत यूरोपात अठराव्या शतकापर्यंत टिकून होती. फ्रेंच दंतवैद्य प्येअर फोशार यांनी १७२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तिला विरोध केला. सूक्ष्मदर्शकातून पाहूनही असा किडा आपणास आढळला नाही, असे त्यांनी सांगितले. ग्रामीण महाराष्ट्रात रिंगणीच्या बियांची धुरी देऊन ‘कीड पाडण्याचा’ उपाय त्यानंतर दोन शतके चालू होता. धुरीनंतर पाण्यात पांढरे कण पडत, ते किडेच होत अशी समजूत असे.

वस्तुतः दातांवरील थरात राहणारे खरे जीव ओलंदाज संशोधक अंतोन व्हान लेव्हेनहूक यांनी १६८३ मध्येच पाहिले होते, परंतु त्यांचा दात किडण्याशी संबंध जोडण्यास दोन शतके जावी लागली. रॉबर्ट कॉख यांच्या सहवासात बर्लिन येथे काम केलेले अमेरिकन दंतवैद्य विलोबी डेटन मिलर (१८५३–१९०७) यांनी उपटलेले दात लाळ व पाव किंवा साखर यांच्या मिश्रणात शरीराच्या तापमानास ठेवले, तेव्हा दातांतील चुना विरघळला. पावाऐवजी मांस घातले असता किंवा लाळ आधी उकळली असता तसे झाले नाही. यावरून तोंडातील जंतू पिष्टमय व शर्करामय पदार्थांचे अम्ल बनवितात आणि ते अम्ल दातास विरघळविते, हा सिद्धांत त्यांनी १८९० मध्ये मांडला. तो मूलतः आजही ग्राह्य आहे. मिलर यांच्या प्रयोगात लाळ ही जंतूंची वाहक, म्हणजे एका परीने आरोपी होती. तिची दुसरी बाजू उजेडात येण्यास आणखी काळ जावा लागला.

लंडन येथे जे. के. क्लार्क यांनी १९२४ मध्ये किडलेल्या दातांतून स्ट्रेप्टोकॉकस म्यूटान्स हा जंतू वेगळा केला. त्याकडे तेव्हा फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९५४ मध्ये अमेरिकेत संपूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढविलेल्या उंदरांस भरपूर साखर देऊनही त्यांचे दात किडले नाहीत आणि १९६० मध्ये पॉल कीज व रॉबर्ट फिट्झजेरल्ड यांनी हॅम्स्टर या प्राण्यांत दंतक्षय एकाकडून दुसऱ्याकडे संक्रमित होतो, हे दाखविले. बालकास हा जंतू बहुधा मातेच्या किंवा घरातील सांभाळ करणाऱ्या व्यक्तीच्या लाळेतून मिळतो. घास मऊ करून भरविणे, चमचा आधी स्वतःच्या तोंडात घालून पाहणे या मायेच्या सवयींतून तो लहानग्याच्या तोंडी जातो.

लाळेचे कार्य : लाळ वाहून नेणाऱ्या मुख्य नलिकांचे शोध टॉमस व्हॉर्टन (१६५६) व नील्स स्टेन्सन (१६६०) यांनी लावले. प्रौढ माणसात दिवसाकाठी सु. अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. तिचा ९९ टक्क्यांहून अधिक भाग पाणीच असतो, परंतु उरलेल्या अल्पशा भागात कॅल्शियम, फॉस्फेट व बायकार्बोनेट हे आयन, श्लेष्मल प्रथिने, प्रतिपिंडे व अनेक एंझाइमे असतात. रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० नंतरच्या दशकात दातांवरील जंतुथराची अम्लता मोजून दाखविले की, गोड पदार्थ तोंडात जाताच काही मिनिटांत अम्लता झपाट्याने वाढते (पीएच मूल्य उतरते) आणि ती पूर्ववत होण्यास अर्धा ते एक तास लागतो. पीएच मूल्य सु. ५.५ च्या खाली असेपर्यंत दंतवल्क विरघळत राहते, ते वर गेल्यावर लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट पुन्हा दातात बसू लागतात. दात किडणे ही अशी रोज अनेकदा होणारी झीज व भर यांची जमाखर्चाची वही आहे. भर घालणारी लाळच होय. मानेच्या व डोक्याच्या कर्करोगावर प्रारणोपचार केल्याने ज्यांच्या लाला ग्रंथी निकामी होतात, त्यांचे पूर्वी निरोगी असलेले दातही थोड्याच महिन्यांत भराभर किडतात. लाळेच्या महत्त्वाचा याहून स्पष्ट पुरावा नाही. झोपेत लाळ जवळजवळ आटते. म्हणूनच गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून निजणाऱ्या बालकाचे वरचे पुढचे दात प्रथम जातात. खालचे पुढचे दात जिभेच्या आडोशाने व जवळच्या ग्रंथींच्या लाळेने बहुधा वाचतात. अमेरिकन दंतवैद्य एलायस फास यांनी १९६२ मध्ये या विशिष्ट स्वरूपाकडे लक्ष वेधले.

दुधाच्या दातांचे दंतवल्क कायम दातांच्या मानाने पातळ असते आणि आतील मऊ गर पृष्ठभागाच्या अधिक जवळ असतो. त्यामुळे कीड लागल्यापासून ठणका सुरू होईपर्यंतचा अवधी बालकांत फार थोडा मिळतो.

प्रतिऑक्सिडीकारके : शरीरातील नित्य क्रियांत, तसेच जंतुसंसर्गाशी झुंजताना, ऑक्सिजनापासून काही अतिशय क्रियाशील अणुसमूह निर्माण होतात. त्यांत एक इलेक्ट्रॉन एकाकी असतो व तो जोडीदार मिळविण्यासाठी जवळच्या रेणूवर आघात करतो. यांस मुक्त मूलके म्हणतात. डेनम हार्मन यांनी १९५६ मध्ये वार्धक्याचा संबंध मुक्त मूलकांशी जोडला. १९६९ मध्ये जो मकॉर्ड व अर्विन फ्रिडोव्हिच यांनी त्यांपैकी एकाचा नाश करणारे सुपर-ऑक्साइड डिसम्यूटेज हे एंझाइम ओळखले आणि या विषयास जीवरसायनशास्त्राचा भक्कम पाया मिळाला. मुक्त मूलकांचा आघात स्वतःवर घेऊन इतर रेणूंस वाचविणाऱ्या द्रव्यांस प्रतिऑक्सिडीकारके म्हणतात.

लाळेत ती दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात यूरिक अम्ल, क जीवनसत्त्व, ग्लुटाथायोन व अल्ब्युमीन यांसारखी द्रव्ये येतात. लंडन येथील संशोधकांनी १९९४ मध्ये दाखविले की, लाळेच्या एकूण प्रतिऑक्सिडीकारक क्षमतेपैकी सु. सत्तर टक्के वा त्याहून अधिक भाग एकट्या यूरिक अम्लाचा असतो. जे द्रव्य रक्तात साठले असता सांध्यांत वातरक्ताचा ठणका उठवते, तेच तोंडात रक्षकाचे काम करते. ते लाळेत मुख्यतः रक्तातून येत असल्याने आहार, वय व लिंग यांनुसार त्याचे प्रमाण बदलते. एखाद्या बालकाच्या लाळेतील आकडा वाचताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

दुसऱ्या प्रकारात एंझाइमे येतात. त्यांतील लाला पेरॉक्सिडेजाचा इतिहास उद्बोधक आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ मध्ये नाकातील स्राव, अश्रू व लाळ यांत लायसोझाइम हे जंतू विरघळविणारे एंझाइम शोधून काढले, तेव्हापासून लाळेत जंतुरोधक द्रव्ये असतात हे मान्य झाले होते. परंतु दातांच्या किडीशी संबंधित लॅक्टोबॅसिलस जंतूंस रोखणारा लाळेतील घटक वेगळाच ठरला. १९६५ मध्ये सीमूर क्लेबनॉफ व त्यांच्या सहकाऱ्याने तो पेरॉक्सिडेज असल्याचे दाखविले. तोंडातील काही जंतू हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात. पेरॉक्सिडेज ते वापरून लाळेतील थायोसायनेटापासून हायपोथायोसायनाइट तयार करते आणि हे द्रव्य जंतूंचे साखर पचविण्याचे यंत्रच रोखून धरते. अम्लनिर्मिती त्यामुळे मंदावते. म्हणजे येथे एकाच क्रियेने दोन कामे साधतात : ऊतकांस घातक असे पेरॉक्साइड खर्ची पडते व त्याच्याच बळावर अम्ल करणारे जंतू नरम येतात. प्रतिऑक्सिडीकारक व दंतक्षय यांतील जो संबंध कार्यकारणभावाने स्पष्ट दाखविता येतो, तो हा होय. यूरिक अम्लाविषयी असे म्हणता येत नाही. दंतवल्क हे खनिज असून ते विरघळते अम्लाने, मुक्त मूलकांनी नव्हे.

बालकांवरील अभ्यास : एकूण प्रतिऑक्सिडीकारक क्षमता एकाच आकड्यात मोजण्याच्या सोप्या पद्धती १९९० नंतरच्या दशकात प्रचारात आल्यावर लाळेचे असे मापन करणारे अभ्यास अनेक देशांत झाले. रक्त काढावे लागत नाही, मूल रडत नाही, कपभर थुंकीही लागत नाही, ही सोय बालरोगांच्या अभ्यासकांस साहजिकच आकर्षक वाटली. तुर्कस्तानातून २००६ मध्ये, मंगळूरहून २००९ मध्ये व कर्नाटकातूनच पुन्हा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत निरोगी दातांच्या मुलांशी किडके दात असलेल्या मुलांची तुलना करण्यात आली.

अपेक्षा अशी होती की, किडक्या दातांच्या मुलांत संरक्षक द्रव्ये कमी सापडतील. प्रत्यक्षात या अभ्यासांत ती अधिक आढळली. २०१० च्या अभ्यासात एकूण प्रथिनांचे प्रमाणही किडके दात असलेल्या मुलांत अधिक होते, तर लाळेचा प्रवाह व अम्ल शमविण्याची शक्ती किंचित कमी होती. पुढे अन्य ठिकाणी झालेल्या काही अभ्यासांत याच्या उलट निष्कर्षही निघाले आहेत.

या विसंगतीचा अर्थ कसा लावावयाचा? रक्षक अधिक म्हणून रोग अधिक, असे अर्थातच कोणी म्हणणार नाही. जंतुसंसर्ग वाढल्यामुळे शरीराने प्रतिकारासाठी ही द्रव्ये अधिक प्रमाणात पाठविली, असे स्पष्टीकरण बहुतेक अभ्यासक देतात व ते संभाव्य आहे. गावात पोलीस वाढलेले दिसले, तर ते दंग्याचे कारण नसून परिणाम असतात, तसेच हे. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते याहून साधी कारणेही आधी तपासली पाहिजेत. किडक्या दातांच्या मुलांत हिरड्यांचा दाह बहुधा असतोच आणि सुजलेल्या हिरडीतून पाझरणारा रक्तरस लाळेत मिसळून तिच्यातील अल्ब्युमीन व यूरिक अम्ल वाढवितो. लाळ आपोआप साचलेली घेतली की चघळावयास देऊन स्रवविलेली, सकाळी घेतली की दुपारी, मापनाची पद्धत कोणती, यांवर आकडा बदलतो. शिवाय हे अभ्यास एकाच वेळी केलेल्या पाहणीचे आहेत. आधी काय घडले व नंतर काय, हे त्यांवरून ठरत नाही. दात निरोगी असताना लाळ तपासून त्याच मुलांचा काही वर्षे मागोवा घेणारे अभ्यास झाल्याशिवाय लाळेच्या एका थेंबावरून ‘या मुलाचे दात किडतील’ असे भाकीत करणारी चाचणी व्यवहारात आणणे घाईचे ठरेल. प्रतिऑक्सिडीकारके घातलेल्या मंजनांच्या व गोळ्यांच्या जाहिरातींस तर या संशोधनाचा कोणताच आधार मिळत नाही.

साखर व समाज : दंतक्षयाचा प्रसार व साखरेचा प्रसार यांचे नाते इतिहासात वारंवार दिसते. ब्रिटनमध्ये १८७४ साली साखरेवरील कर उठल्यानंतर ती गरिबांच्या ताटात आली व तिच्या मागोमाग दातांची दुर्दशाही आली. स्वीडनमध्ये व्हिपेहोल्म येथील मतिमंदांच्या संस्थेत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात रुग्णांस वेगवेगळ्या प्रकारे साखर देऊन त्यांचे दात किडतात कसे, हे पाहण्यात आले. जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेपेक्षा जेवणांच्या मधल्या वेळी वारंवार खाल्लेली चिकट मिठाई कितीतरी अधिक घातक असते, हा महत्त्वाचा निष्कर्ष त्यातून निघाला. संमती देण्यास असमर्थ असलेल्या माणसांचे दात जाणूनबुजून किडविल्याबद्दल तो प्रयोग आज निंद्य मानला जातो. दंतवैद्यकातील एक मूलभूत सत्य अशा मार्गाने हाती आले आहे, याची जाणीव ते सांगताना असावी.

या निष्कर्षाचा अर्थ आपल्याकडील परिस्थितीत पाहावयाचा, तर कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील नृसिंहवाडीसारखे दुसरे ठिकाण शोधून सापडणार नाही. कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमावरील हे दत्तक्षेत्र नृसिंह सरस्वतींच्या वास्तव्याने व तेथील पादुकांमुळे प्रसिद्ध आहे. वाडीच्या पेढ्यांची, बासुंदीची व कवठाच्या बर्फीची ख्यातीही तेवढीच दूरवर पसरली असून घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांस मिठाईची दुकाने आहेत. भोवतालचा सारा प्रदेश उसाचा. कोल्हापुरी गुळाचे नाव जुने आहेच, परंतु प्रवरानगर येथे १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिल्यानंतर पंचगंगा-कृष्णेच्या खोऱ्यातही अनेक कारखाने निघाले. शिरोळ येथील दत्त सहकारी साखर कारखाना हा त्यांपैकी एक. पूर्वी सणासुदीस व यात्रेस मिळणारे गोड त्यामुळे रोजचे झाले. चहा, बिस्किटे व गोळ्या ही त्याची आजची रूपे होत.

पेढ्यास दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. खव्यातील केसीन हे प्रथिन व कॅल्शियम दातास अनुकूल आहेत. पेढा चिकट राहतो, पण एखाद्या गोळीप्रमाणे गालात धरून चघळला जात नाही. दर्शन आटोपून जेवणाच्या पंक्तीत दोन पेढे खाल्लेल्या मुलाच्या तोंडात अम्लतेची एकच लाट येते आणि भरपूर स्रवलेली लाळ ती ओसरविते. तेच दोन पेढे सकाळपासून कणाकणाने आठ वेळा खाणाऱ्या मुलाच्या दातांवर आठ लाटा येतात. प्रत्येकी अर्धा तास धरला, तरी त्याचे दात दिवसातील चार तास अम्लात बुडालेले असतात. साखर दोघांच्याही पोटात सारखीच गेली. कवठाच्या बर्फीविषयी ‘कवठ आरोग्यदायी, त्यात क जीवनसत्त्व’ असे सांगण्यात येते. कवठाचे गुण खरे असले, तरी बर्फीत ते साखरेच्या पाकात मुरलेले असतात आणि फळाच्या आंबटपणाची त्यात भर असते. मूठभर प्रतिऑक्सिडीकारकांनी वाटीभर साखरेचे परिमार्जन होत नाही. हीच गोष्ट गुळाची व काकवीची. गुळात लोह व काही फिनॉलिक द्रव्ये राहतात, म्हणून तो साखरेहून पौष्टिक मानला जातो. उसाच्या कच्च्या रसात दातांचे रक्षण करणारे काही द्रव्य असावे, अशी कल्पना दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी १९३० नंतरच्या दशकात मांडलीही होती. पण जंतूंच्या दृष्टीने गूळ ही शर्कराच आहे. उसाचे कांडे दातांनी सोलून चघळणाऱ्या मुलाची लाळ खळखळून वाहते, हा लाभ गुऱ्हाळावरच्या गरम काकवीस नाही.

याच उसाच्या हंगामात बीड, अहिल्यानगर इ. जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांची कुटुंबे येऊन फडाजवळ कोप्यांत राहतात. त्यांच्या मुलांची शाळा सुटते, खाण्याच्या वेळा राहत नाहीत आणि दात ठणकू लागला, तर लवंग किंवा मशेरी हाच उपाय जवळ असतो. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. ती वेदना काही काळ बधिर करते, पण व्यसन लावते आणि हिरड्यांवरील मुक्त मूलकांचा भार वाढविते. लाळेतील संरक्षक द्रव्यांचा विचार करावयाचा, तर तो अशा मुलांच्या बाबतीत सर्वांत आधी करावयास हवा. कुपोषणाने लाळेचा प्रवाहही घटतो व दंतवल्कही कच्चे राहते.

प्रतिबंध व उपचार : १९०१ नंतर अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे फ्रेडरिक मकाय यांनी दातांवरील तपकिरी डागांचा मागोवा घेण्यास सुरुवात केली. त्याचे कारण पाण्यातील फ्ल्युओराइड असल्याचे १९३१ मध्ये निश्चित झाले आणि अल्प प्रमाणात तेच द्रव्य दात वाचविते असे दिसून आल्यावर जानेवारी १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात ते प्रथम मिसळण्यात आले. भारतात हा उपाय सरसकट लागू करता येत नाही, कारण अनेक भागांत, महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ व नांदेड जिल्ह्यांत, भूजलात फ्ल्युओराइड मुळातच अधिक असून तेथे दातांचे व हाडांचे विकार आढळतात. फ्ल्युओराइडयुक्त पेस्टचा अल्पसा वापर हा मार्ग येथे अधिक योग्य ठरतो. पहिला दात दिसू लागल्यापासून तांदळाच्या दाण्याएवढी व तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी पेस्ट पुरते.

भारतात दंतवैद्यकाचे पहिले महाविद्यालय रफीउद्दीन अहमद यांनी कलकत्ता येथे १९२० मध्ये काढले. मुंबईत नायर रुग्णालयाशी संलग्न दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झाले आणि दंतवैद्यांविषयीचा कायदा १९४८ मध्ये झाला. तरीही बालकांचा दात हा विषय बराच काळ उपेक्षित राहिला. ‘दुधाचे दात, पडणारच आहेत’ हे त्याचे घरोघरी ऐकू येणारे समर्थन. पडलेला दात छपरावर फेकून नवा मागण्याची गमतीची रीत त्याच समजुतीची सोबतीण. परंतु दुधाची शेवटची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहते. ती अकाली काढावी लागली, तर कायम दातांची जागा जाते, आणि ती किडून ठणकत राहिली, तर मूल नीट खात नाही, झोपत नाही व त्याचे वजन वाढत नाही. २००२-०३ मधील राष्ट्रीय मुखारोग्य पाहणीत पाच वर्षांच्या ५१.९ टक्के व बारा वर्षांच्या ५३.८ टक्के मुलांत दंतक्षय आढळला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात ५१ कोटींहून अधिक बालकांचे दुधाचे दात किडलेले आहेत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१३) अंगणवाड्या व शाळा यांतील मुलांची तपासणी होते व तीत दातांचाही समावेश आहे. किडलेल्या भागावर लावावयाचे सिल्व्हर डायअमाइन फ्ल्युओराइड हे औषध जपानमध्ये १९७० पासून वापरात असून २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. ते लावण्यास यंत्र, सुई किंवा वीज लागत नाही, कीड तेथेच थांबते. डाग मात्र काळा पडतो व तो कायम राहतो, म्हणून पुढच्या दातांस लावण्यापूर्वी पालकांस तसे सांगावे लागते. फडावरच्या कोपीतही करता येण्याजोगा असा हा उपचार आहे.